मंदपणाचें निदान

दुखणें रेड्याला आणि डाग पखालीला, अशी आपल्याकडे एक म्हण आहे. पाणी वाहणारा रेडा आजारी पडला, आणि धन्यानें तापलेल्या सळईनें डाग दिला तो त्याच्या पाठीवरील कातडी पखालीला. रेडा बरा झाला नाहीं. पखाल मात्र फुटली. कांहीं दिवसांपूर्वीं एका कचेरींत असा डाग देण्याची सारी सिद्धता झालेली मीं पाहिली. इतकेंच नव्हे, तर सळई तापविणाऱ्या मंडळींत मीहि होतों. त्या प्रसंगाच्या आधारानें, संगणकावरील एका विशिष्ट मंदपणाचें निदान कसें करावें, हें मी आज सांगणार आहें.

विषय एका धंद्याचा आहे, हें खरें. पण शहरांतील पुष्कळ घरांत आज एखादी मुलगी, मुलगा, सून किंवा जांवई याच धंद्यांत असतो. रात्रीं उशिरां घरीं आल्यावर "आज सारा दिवस यंत्राकडे पाहत बसण्यांत गेला" असें वाक्य त्या घरांत कधींना कधीं ऐकूं येतें. त्या वाक्यांत अतिशयोक्ति असतेच असें नाहीं. तो दिवस कोणीं खाल्ला, हें समजून घेण्यास संगणकशास्त्र शिकावें लागत नाहीं. थोडा हिशेब आला म्हणजे पुरे.

प्रोग्रॅम लिहिणारी मंडळी आपल्या लिखाणाची एक अखंड नोंदवही ठेवीत असतात. कोणत्या दिवशीं, कोणीं, कोणती ओळ बदलली आणि कां बदलली, हें तींत लिहिलेलें असतें. या व्यवस्थेला धंद्यांत व्हर्जन कंट्रोल असें म्हणतात. या कामाचें एक पहिलें प्रसिद्ध साधन १९७२ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत मार्क रोचकाइंड यांनीं तयार केलें. सध्यां सर्वत्र चालतें तें गिट नांवाचें साधन. लिनस टोरव्हाल्ड्स यांनीं तें २००५ सालच्या एप्रिल महिन्यांत लिहावयास घेतलें. कारण लिनक्सच्या कामासाठीं तोंपर्यंत वापरांत असलेलें साधन विनामूल्य मिळेनासें झालें होतें. गिटची ख्याति पहिल्यापासूनच त्याच्या वेगाबद्दल आहे. म्हणूनच तें मंद झालें म्हणजे माणूस गोंधळतो.

गिटला दिवसांतून अनेक वेळां विचारावयाचा प्रश्न एकच: मागच्या नोंदीनंतर काय काय बदललें आहे? या आज्ञेचें नांव गिट स्टेटस. तिचें उत्तर गिट कसें शोधतें, तें एका दृष्टांतानें सांगतों. एखाद्या पेढीच्या कोठारांत एक लाख बासनें आहेत अशी कल्पना करा. मुनिमाजवळ एक यादी आहे. तींत प्रत्येक बासनापुढें त्याचा आकार, त्याला शेवटचा हात लागल्याची वेळ, त्याचा कोठारांतील क्रमांक, त्याचा मालक इत्यादि खुणा टिपलेल्या आहेत. काय बदललें असें विचारतांच मुनीम प्रत्येक बासनापाशीं जातो, बाहेरच्या खुणा यादीशीं ताडून पाहतो, आणि त्या जुळल्या कीं गांठ न सोडतां पुढें जातो. एखादी खूण जुळली नाहीं तरच तो बासन सोडतो, आंतील मजकूर अथपासून इतिपर्यंत वाचतो, त्या मजकुराचा एक ठसा काढतो, आणि तो जुन्या ठशाशीं मिळतो कीं नाहीं तें पाहतो. यानंतर तो आणखी एक फेरी करतो. यादींत मुळींच नसलेलें एखादें नवें बासन कोणीं आणून ठेवलें आहे काय, हें पाहण्यासाठीं तो प्रत्येक खोलींत डोकावतो. गिट अगदीं असेंच करतें. यादी म्हणजे त्याचा इंडेक्स, बासनें म्हणजे फायली, आणि खोल्या म्हणजे फोल्डर. या दोन फेऱ्या आपण ध्यानांत ठेवाव्या; पुढील सारें निदान त्यांवर अवलंबून आहे.

कोठार मुनिमाच्या बैठकीला लागूनच असेल, तर हा व्याप पापणी लवते न लवते तोंच उरकतो. संगणकाच्या स्वतःच्या डिस्कवरील फाईलीच्या बाहेरच्या खुणा, त्या त्याच्या स्मरणांत असल्या तर, सेकंदाच्या कांहीं दशलक्षांश भागांत कळतात. परंतु पुष्कळ कचेऱ्यांत फायली माणसाच्या पुढ्यांतील यंत्रावर नसतातच. त्या एका दूरच्या सर्व्हरवर असतात, आणि तेथील कप्पा आपल्याच यंत्रावर असल्यासारखा दिसेल अशा रीतीनें नेटवर्कवरून जोडून घेतलेला असतो. या जोडण्याला माउंट करणें म्हणतात. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीनें १९८४ सालीं एनएफएस नांवाची अशी एक पद्धत प्रचारांत आणली. विंडोजच्या जगांत एसएमबी नांवाची पद्धत चालते. सोय मोठी आहे. सर्वांच्या फायली एका ठिकाणीं राहतात, त्यांची राखण एका ठिकाणीं होते. पण या सोयीनें अंतर दिसेनासें होतें, नाहींसें होत नाहीं.

आतां हिशेब पाहा. एक प्रश्न सर्व्हरपर्यंत जाऊन उत्तर घेऊन परत येण्यास सेकंदाचा हजारावा भाग लागतो असें धरूं. एकाच इमारतींतील नेटवर्कला हा आंकडा वावगा नाहीं. फायली एक लाख. म्हणजे एकामागून एक विचारल्यास १०० सेकंद. तीच खेप शहराच्या दुसऱ्या टोकावरून वीसपट लांबली, तर २,००० सेकंद, म्हणजे अर्ध्या तासाहून अधिक. या सर्व काळांत गेलेला आणि आलेला मजकूर अगदीं थोडा असतो. म्हणून अधिक क्षमतेचें नेटवर्क घेतलें तरी हा वेळ फारसा वांचत नाहीं. गाडी मोठी केली म्हणून बैल भरभर चालूं लागत नाहींत. येथें ओझें जड नाहीं. खेपा फार आहेत.

गिटच्या कर्त्यांना ही अडचण ठाऊक आहे. पहिल्या फेरीसाठीं एका मुनिमाऐवजीं जास्तींत जास्त वीस मुनीम एकदम पाठविण्याची सोय त्यांनीं केलेली आहे, आणि २०१४ सालापासून ती आपोआप चालूं असते. दुसरी फेरी मात्र एकटा मुनीमच करतो.

इतकी तयारी झाल्यावर आतां मूळ प्रसंगाकडे वळतों. ज्या कचेरींत मी सल्लागार म्हणून जात असें, तेथें पतसंस्थांच्या हिशेबाचे प्रोग्रॅम तयार होत. तेथील भांडारांत ६२,००० फायली होत्या आणि बारा वर्षांचा इतिहास होता. प्रत्येकाच्या मेजावर एक विंडोजचें यंत्र. प्रोग्रॅम चालवून पाहण्यासाठीं शेजारच्या खोलींत एक लिनक्सचें यंत्र. आणि फायली तिसरीकडे, सर्व्हरवर. प्रत्येकाचा सर्व्हरवर एक कप्पा असे, आणि तो दोन्ही यंत्रांना जोडलेला असे. लिनक्सवर काय बदललें असें विचारलें कीं उत्तर येण्यास ३ मिनिटें ४० सेकंद लागत. वीस वेळां विचारलें तर जवळजवळ सव्वा तास गेला. हळूहळू लोक विचारीनासे झाले. काय बदललें हें न पाहतां नोंदी होऊं लागल्या, आणि नको त्या फायली नोंदींत शिरूं लागल्या. एकदां तर व्याजाचा एक अर्धवट बदललेला हिशेब एका पतसंस्थेकडे रवाना झाला. सुदैवानें तो त्याच दिवशीं परत घेतां आला. तेव्हां मला बोलावणें आलें.

मीं पाहिलें तें इतकेंच, कीं भांडार मोठें आहे. मोठें आहे म्हणून मंद आहे, असें अनुमान करून मी मोकळा झालों. त्या एका अनुमानावर मीं एकामागून एक तीन औषधें दिलीं. प्रथम इतिहासाचा सांठा नीट बांधून घेतला; गिटमध्यें त्यासाठीं गिट जीसी नांवाची आज्ञा आहे. सुटे तुकडे फार झाले, म्हणजे सुमारें ६,७०० च्या वर गेले, कीं गिट आपण होऊनहि ही बांधणी करूं पाहतें. तिनें जुन्या नोंदी चाळण्याचें काम सुधारतें. परंतु मुनिमाच्या दोन्ही फेऱ्या आजच्या फायलींकडे असतात, जुन्या सांठ्याकडे नव्हे. गुण आला नाहीं. मग यंत्रांची स्मरणशक्ति दुप्पट करविली. परंतु एनएफएस पद्धतींत दूरच्या फाईलीच्या लक्षांत ठेवलेल्या खुणांवर यंत्र फार वेळ विश्वास ठेवीत नाहीं. नेहमींच्या मांडणींत कमींत कमी ३ आणि जास्तींत जास्त ६० सेकंद. त्यानंतर पुन्हां सर्व्हरला विचारावें लागतेंच, मग स्मरणशक्ति कितीहि असो. तिसऱ्या वेळीं सर्व्हरला नवी वेगवान डिस्क बसविली. सर्व्हर आधींपासूनच बहुतेक उत्तरें आपल्या स्मरणांतून देत होता. वेळ जात होता तो वाटेंत. तिन्ही औषधांना खर्च आला, आणि दुखणें होतें तेथेंच राहिलें.

तेव्हां चौथा उपाय ठरला: बारा वर्षांपैकीं अकरा वर्षांचा इतिहास कापून टाकावा. वरिष्ठांनीं सुचविलें आणि मीं मान डोलविली. शुक्रवारची संध्याकाळ मुक्रर झाली.

त्या इतिहासांत काय होतें, याचें एकच उदाहरण देतों. व्याजाच्या हिशेबांत पैशांचे अपूर्णांक कोठें सोडून द्यावयाचे, यासंबंधीं एक विचित्र दिसणारी ओळ होती. नवीन येणारा प्रत्येक जण ती चूक समजून दुरुस्त करूं पाही. नऊ वर्षांपूर्वींच्या नोंदींत एका वृद्ध गृहस्थांनीं लिहून ठेवलें होतें, कीं अपूर्णांक रोजच्या रोज सोडून दिल्यास लहान ठेवीदाराचें नुकसान होतें. म्हणून तो महिन्याच्या शेवटीं एकदांच सोडला आहे, ही ओळ बदलूं नये. ते गृहस्थ आतां हयात नाहींत. ती नोंद गेली असती तर पुढच्या उत्साही माणसाचा हात धरणारें कोणीहि उरलें नसतें. अशा किती नोंदी त्या अकरा वर्षांत होत्या, हें आम्हांपैकीं कोणीं मोजलें नव्हतें.

गुरुवारीं सकाळीं त्या कचेरींतील सर्वांत तरुण मुलगी एक साधी वही घेऊन माझ्याकडे आली. आठवडाभर तिनें प्रत्येक वेळचे सेकंद टिपले होते, आणि शेजारीं त्या वेळीं काय चाललें होतें तेंहि लिहिलें होतें. ती म्हणाली, "सर, हा सततचा ताप नाहीं. हा पाळीचा ताप आहे."

मीं वही पाहिली. सकाळीं पहिल्यांदां विचारलें, २२० सेकंद. लगेच पुन्हां विचारलें, १४ सेकंद. तिसऱ्यांदां, १४. मग विंडोजच्या यंत्रावर लिहिण्याचा प्रोग्रॅम उघडून थोडें काम केलें. परत लिनक्सवर विचारलें तों पुन्हां २२०. शनिवारीं ती एकटीच आली होती आणि तिनें विंडोजचें यंत्र सुरूच केलें नव्हतें. त्या दिवशीं पहिली वेळ सोडली तर दिवसभर १४. वाचतां वाचतां मी मनांतून शरमलों. भांडार सकाळीं मोठें आणि दुपारीं लहान होत नाहीं. बारा वर्षांचा इतिहास शनिवारीं रजेवर जात नाहीं. जें कारण सदैव हजर आहे, तें येणाऱ्या आणि जाणाऱ्या दुखण्याचें कारण कसें असेल? हा प्रश्न मला पहिल्याच दिवशीं सुचावयास हवा होता.

त्या दिवशीं आम्हीं दोघांनीं बसून पांच गोष्टी तपासल्या. नभोवाणीवरून आज्ञांचीं अक्षरें सांगणें सोयीचें नाहीं. म्हणून त्या आज्ञांचा हेतु तेवढा सांगतों. ज्यांना हें काम आहे त्यांना तेवढ्यानें पुरेल.

पहिली गोष्ट, गेलेला वेळ कामांत गेला कीं वाट पाहण्यांत? लिनक्समध्यें कोणत्याहि आज्ञेपूर्वीं टाइम हा शब्द घातला कीं तीन आंकडे मिळतात: घड्याळांत गेलेला वेळ, आणि प्रोसेसरनें प्रत्यक्ष खर्चिलेल्या वेळाचे दोन भाग. आमचे घड्याळाचे सेकंद २२०. प्रोसेसरचे दोन्ही भाग मिळून १२. म्हणजे दोनशेंहून अधिक सेकंद यंत्र हात जोडून बसलें होतें. हे आंकडे एकमेकांच्या जवळ असते, तर यंत्राची शक्ति अपुरी आहे असें म्हणतां आलें असतें. येथें तसें म्हणण्यास जागाच नव्हती.

दुसरी गोष्ट, फायली आहेत कोठें? आपण ज्या कप्प्यांत काम करतों तो कोणत्या पद्धतीनें जोडलेला आहे, हें यंत्राला विचारतां येतें. तें विचारून झाल्यावर तोच कप्पा आम्हीं लिनक्स यंत्राच्या स्वतःच्या डिस्कवर उतरवून घेतला. पहिल्या वेळीं यादी नव्यानें भरण्यांत कांहीं सेकंद गेले. त्यानंतर उत्तर अर्ध्या सेकंदाच्या आंत आलें. फायली त्याच, इतिहास तोच, गिट तेंच. बदललें तें फक्त अंतर. ही एक तुलना पहिल्याच दिवशीं केली असती तर तीन औषधांचा खर्च वांचला असता.

तिसरी गोष्ट, दोन फेऱ्यांपैकीं कोणती फेरी महाग आहे? यादींत नसलेल्या नव्या फायली शोधूं नकोस, असें गिटला बजावतां येतें. तसें बजावतांच निरोगी वेळचे १४ सेकंद ४ वर आले. म्हणजे दहा सेकंद खोल्यांतून डोकावण्याचे होते. हें उपयोगी होतें, पण २२० चा उलगडा त्यानें होत नव्हता.

चौथी गोष्ट, मुनीम नेमकें करतो काय? एसट्रेस नांवाचें एक साधन आहे; प्रोग्रॅम यंत्राकडे कोणकोणत्या मागण्या करतो आणि किती वेळां, हें तें मोजून सांगतें. निरोगी वेळीं गिट फायलींच्या बाहेरच्या खुणा तेवढ्या विचारीत होतें. आजारी वेळीं मात्र तें ६२,००० फायली एकेक करून उघडीत होतें, वाचीत होतें आणि मिटीत होतें. प्रत्येक बासनाची गांठ सुटत होती. आंत कांहींच बदललेलें नव्हतें, तरीहि सुटत होती. रोगाचें ठिकाण हातीं लागलें.

पांचवी गोष्ट, इतिहासाचा यांत हात आहे काय? गिटकडून केवळ शेवटच्या नोंदीपुरती, बाकी इतिहास नसलेली, प्रत काढून घेतां येते. ती प्रत आम्हीं त्याच सर्व्हरवर ठेवली आणि दोन्ही यंत्रांवरून आळीपाळीनें प्रश्न विचारला. लिनक्सवर पुन्हां २२० सेकंद. ज्याला शुक्रवारीं फांशीं द्यावयाचें होतें तो निर्दोष ठरला. आणि विचार केला तर यांत नवल नव्हतें: काय बदललें हें सांगण्यास गिटला शेवटची नोंद, यादी आणि आजच्या फायली एवढेंच लागतें. अकरा वर्षांपूर्वींच्या नोंदीला तें हातहि लावीत नाहीं.

मग सर्व गांठी कां सुटत होत्या? कारण एकाच यादीवर दोन मुनीम काम करीत होते. लिनक्सवरील गिट फाईलीचा क्रमांक, तिचा मालक आणि तिच्या खुणा शेवटच्या बदलल्याची वेळ यादींत लिहितें. विंडोजवरील गिट यांपैकीं कांहीं खुणा लिहितच नाहीं, आणि कांहींचा अर्थ तेथें निराळा असतो. खुणा बदलल्याच्या वेळेच्या जागीं तेथें फाईल जन्मल्याची वेळ येते. विंडोजच्या मुनिमानें यादी आपल्या रीतीनें लिहिली, कीं लिनक्सच्या मुनिमाला त्या खुणा पटत नसत. तो सर्व बासनें सोडी, मजकूर तोच आहे अशी खात्री करून घेई, आणि खुणा आपल्या रीतीनें पुन्हां लिही. मग विंडोजच्या मुनिमाची पाळी. शिवाय विंडोजवरील लिहिण्याचा प्रोग्रॅम कोणीं न सांगतां आपल्या मनानेंच वारंवार गिटला प्रश्न विचारीत असे. त्यामुळें दुसरा मुनीम जागा आहे याची कोणालाच वार्ता नव्हती. दोघेहि प्रामाणिक होते. दोघांचें कामहि चोख होतें. त्यांना एका यादीवर बसविणारे चुकले होते.

शुक्रवारीं संध्याकाळीं कात्री चालली नाहीं.

आतां उपचारासंबंधीं थोडें. तात्पुरता उपाय असा, कीं खुणा ताडतांना फाईलीचा आकार आणि शेवटच्या बदलाची पूर्ण सेकंदापर्यंतची वेळ एवढेंच पाहा, असें दोन्ही यंत्रांवरील गिटला सांगावें. त्यासाठीं चेकस्टॅट आणि ट्रस्टसीटाइम अशा दोन सोयी आहेत. पहिली किमान करावी आणि दुसरी बंद ठेवावी. आम्हीं तसें करतांच २२० चे १४ झाले आणि पाळी थांबली. याची किंमतहि सांगितली पाहिजे. खुणा कमी पाहिल्या म्हणजे पहारा थोडा सैल होतो. आकार आणि वेळ दोन्ही तीच ठेवून झालेला एखादा बदल नजरेंतून सुटूं शकतो. गरज नसेल तेथें हा उपाय योजूं नये. खोल्यांतून डोकावण्याचे दहा सेकंद वांचविण्यासाठीं गिटमध्यें अनट्रॅक्ड कॅश नांवाची सोय आहे. तिच्यामुळें ज्या फोल्डरची वेळ बदललेली नाहीं तें पुन्हां चाळावें लागत नाहीं. पण जोडलेल्या कप्प्यांत फोल्डरची वेळ विश्वासपात्र असेलच असें नाहीं. ती तशी आहे कीं नाहीं हें तपासणारी आज्ञा गिटनेंच दिली आहे. ती आधीं चालवावी.

खरा उपाय याहून साधा आहे. प्रत्येक यंत्राला त्याच्या स्वतःच्या डिस्कवर स्वतःची प्रत द्यावी, आणि सर्व्हरवर सर्वांचें सामायिक भांडार ठेवावें. काम आपल्या घरीं करावें, आणि झालेल्या नोंदी एकत्र बांधून सर्व्हरवर पाठवाव्या. गिट मुळांत घडविलें गेलें तें याच रीतीसाठीं; प्रत्येकाजवळ साऱ्या इतिहासाची प्रत असावी, हीच त्याची मूळ कल्पना. नेटवर्कवरून लाख लहान खेपा करण्याऐवजीं एक भरलेली गाडी जाते. कांहीं कचेऱ्यांत फायली सर्व्हरबाहेर नेण्यास मनाई असते, आणि तिला सबळ कारणेंहि असतात. तेथें कप्पा आपल्याकडे ओढण्याऐवजीं दूरवरून सर्व्हरवरच प्रवेश करावा आणि प्रश्न तेथेंच विचारावा. म्हणजे मुनीम आणि कोठार पुन्हां एका छपराखालीं येतात.

जोडलेला कप्पा मैलभर दूरच असला पाहिजे असेंहि नाहीं. हल्लीं विंडोजच्या पोटांत लिनक्स चालवितां येतें. २०२० सालीं सर्वांच्या हातीं आलेल्या त्याच्या दुसऱ्या आवृत्तींत लिनक्समधून विंडोजची डिस्क पाहतांना प्रत्येक प्रश्न नाइनपी नांवाच्या एका दुभाष्यामार्फत जातो. यंत्र एकच, डिस्क एकच. पण मध्यें भिंत आहे, आणि प्रत्येक खेप त्या भिंतीच्या खिडकींतून होते. म्हणून लिनक्समध्यें काम करावयाचें तर फायली लिनक्सच्या बाजूलाच ठेवाव्या, असा सल्ला मायक्रोसॉफ्ट कंपनी स्वतःच देते.

मोठेपणा हा कधींच रोग नसतो, असें मात्र मला म्हणावयाचें नाहीं. विंडोजचें स्वतःचें भांडार गिटमध्यें आणतांना मायक्रोसॉफ्टनें २०१७ सालीं जे आंकडे सांगितले ते असे: सुमारें ३५ लाख फायली, ३०० गिगाबाइटचें भांडार, पहिली प्रत घेण्यास बारा तासांहून अधिक, आणि आपल्या या एका प्रश्नाच्या उत्तराला जवळजवळ दहा मिनिटें. त्यांनीं उपाय केला तो असा, कीं सर्वच फायली प्रत्येकाच्या यंत्रावर मांडून ठेवावयाच्या नाहींत. माणूस जिला हात लावील तीच फाईल आणावयाची, आणि मुनिमानें तेवढ्याच बघावयाच्या. उत्तर चार-पांच सेकंदांवर आलें. पुढें २०२२ सालीं बदलांवर सतत नजर ठेवणारा एक पहारेकरीहि गिटमध्येंच आला. पण नेटवर्कवरून जोडलेल्या कप्प्यांत, आपण होऊन सांगितल्याशिवाय, तो काम करण्याचें नाकारतो. कारण दुसऱ्या यंत्रानें केलेल्या बदलाची वर्दी त्याला मिळेलच अशी हमी नसते. ज्याला आपलें अज्ञान कळतें आणि जो तें आधीं सांगतो, असा पहारेकरी विरळा. तो सल्लागार असता तर त्या कचेरीचा पुष्कळ पैसा वांचला असता.

श्रोतेहो, या प्रसंगांत बुद्धीचा चमत्कार कोणींच केला नाहीं. एका मुलीनें आठवडाभर सेकंद टिपले, आणि सेकंदांच्या शेजारीं त्या वेळीं काय चाललें होतें तें टिपलें. माझ्याजवळ वीस वर्षांचा अनुभव होता. तिच्याजवळ वही होती. अनुभव पहिल्या दृष्टिक्षेपांतच उत्तर देऊन मोकळा झाला. वहीनें प्रश्न विचारला. आपल्या घरांतील कोणी उद्यां यंत्राच्या मंदपणाची तक्रार करील, तर त्याला नवें यंत्र घेण्याचा सल्ला देण्यापूर्वीं एवढेंच विचारा: तें नेहमींच मंद असतें, कीं कधीं कधीं? आणि ज्या वेळीं नसतें, त्या वेळीं काय निराळें असतें?

अपूर्णांकाची ती विचित्र ओळ अजून तशीच आहे. तिच्यावरची नऊ वर्षांपूर्वींची नोंदहि जागेवर आहे, आणि आतां ती अर्ध्या सेकंदांत वाचावयास मिळते.